कोऱ्या बोर्डातल्या ओळी

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला मास्तरांनी टेबलावरचा पसारा कोपराने बाजूला सारला आणि आठ महिने फडताळात पडून असलेलं पार्सल एकदाचं खाली काढलं. त्यावरची धूळ त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली. पत्त्यावरचं नाव दिसलं, तेव्हा उगाच पुसली असं त्यांना वाटलं.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. चाळीसएक वर्षांपूर्वी घरोघरी जे छोटे कॉम्प्युटर आले होते, कीबोर्डाच्याच पोटात सगळं यंत्र मावलेले, पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा असे, त्यांची पोटं उघडून आत जादा मेमरीचे बोर्ड बसवण्यात या गृहस्थांचा हात धरणारा कुणी नव्हता. जुन्या यंत्रांचे वेडे लोक लांबलांबून खोकी पाठवत आणि पत्राची सुरुवात ‘मास्तर’ अशी करत. तेच नाव मग दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. बायको तेवढी मानायची नाही. ‘मास्तर कसले? एकदा त्या खोक्यात डोकं घातलं की घर पेटलं तरी यांना पत्ता लागायचा नाही,’ असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

पार्सल तिनेच मागवलं होतं. घरात शेकड्याने यंत्रं आली नि गेली, पण एक कधी हललं नाही. ते तिचं. सायीच्या रंगाचं, लांब पट्टीचं बटण अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेलं. मुलीला त्यावरच तिने पाढे शिकवले, वाणसामानाच्या याद्या केल्या, मनात येईल ते लिहिलं. त्या यंत्राला इंग्रजी मोठी अक्षरंच येत, मराठी यायची नाही. म्हणून ही बाई आपली मराठी त्या अक्षरांत कोंबून लिहायची आणि सराईतपणे वाचायची. मेमरी मात्र मूळची, सोळा के, म्हणजे जेमतेम सोळा हजार अक्षरं मावतील एवढी. ‘जगाला बत्तीस नि चौसष्ट वाटत सुटलात, आणि माझं मेलं अजून सोळावर,’ हे टोमणे वीस वर्षं चालले. शेवटी वैतागून तिने स्वतःच एका हौशी कारागिराला पत्र टाकून बत्तीस केचा नवा बोर्ड मागवला. तो आला तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. मास्तरांनी सही करून पार्सल घेतलं आणि फडताळात ठेवून दिलं.

आज ते काढायला कारण मुलीचा फोन.

“बाबा, मी एक वाजेपर्यंत येते. आज आतली खोली आवरून टाकू. निदान ती गादी तरी.”

“बघू.”

“बघू नाही, बाबा. आठ महिने बघूच चाललंय.” मग ती म्हणाली, “त्यातल्या त्यात एवढं बरं झालं, की शेवटी तुम्ही तिच्याजवळ होता. मी नव्हते, पण तुम्ही होता.”

“हो,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते खोटं होतं. आठ महिने मास्तर हे खोटं उराशी धरून बसले होते. त्या दुपारी ते याच टेबलाशी होते. कुणाच्या तरी यंत्रात सोल्डरचे, म्हणजे वितळल्या कथलाचे, टाके मारून बोर्ड बसवणं चाललं होतं. साडेतीन वाजून गेल्यावर आतल्या खोलीतून हिची हाक आली, “अहो, जरा इकडे या ना. एक सांगायचंय.” आणि मास्तर म्हणाले, “आलोच. एवढा एक टाका होऊ दे.” एकाचे आठ टाके झाले. वीस मिनिटांनी हात पुसत ते आत गेले, तेव्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं. काय सांगायचं होतं तिला? औषधाचं? मुलीचं? की नुसतंच पडदा ओढा म्हणून? हा प्रश्न मास्तरांना जेवताना छळायचा, दाढी करताना छळायचा. त्याचं उत्तर मिळालं असतं तर त्यांनी उरलेलं आयुष्य खुशाल देऊन टाकलं असतं.

मुलगी आली की गादी जाणार, हे आता ठरल्यात जमा होतं. निदान तिचं हे एक काम तरी त्याआधी पुरं करावं, एवढाच मास्तरांचा विचार होता.

त्यांनी यंत्र पालथं घातलं, पाच स्क्रू काढून बशीत ठेवले, वरचं झाकण उचललं. आत कीबोर्डखाली तिच्या डोक्याचा एक लांब केस निघाला. तो त्यांनी चिमटीने उचलला आणि काय करावं ते न सुचून खिशात ठेवला. बोर्ड सुबक होता. हिरवा, तळहाताएवढा, आठ काळ्या चिपा ओळीने बसलेल्या, प्रत्येकीला सोळा पाय. चिपा नव्याकोऱ्या, पाकिटातून थेट बोर्डावर आलेल्या. पायांवर नखाएवढाही ओरखडा नव्हता. खाचेत बोर्ड दाबल्यावर तो ‘टक’ करून बसला.

आता मास्तरांची एक खोड होती. बोर्ड बसवला की बाकीचे कारागीर लगेच त्यात ठराविक आकडे भरतात, परत वाचतात, जुळले की काम झालं म्हणतात. मास्तर काही भरण्याआधी कोरा बोर्ड एकदा नुसता वाचत. त्यात असायचा तो कचराच. वीज आली की नवी मेमरी काहीबाही चिन्हं धरून उठते, त्यांना अर्थ नसतो. पण भाड्याची खोली ताब्यात घेताना माणूस आधी रिकाम्या खोलीत एक फेरी मारतो, तसं ते होतं. त्यासाठी त्यांचा सहा ओळींचा प्रोग्रॅम होता. तो मेमरीतला मजकूर पडद्यावर एकेक ओळ छापत जाई, सावकाश, न थांबता. पूर्वी तो प्रोग्रॅम टाइप करायचं काम हिचं. आज मास्तरांनी दोन बोटांनी टाइप केला.

टीव्हीवर कचरा सरकू लागला. ठिपके, चौकोन, उलटे बाण, अगदी हवा तसा. मग मध्येच एक सरळ ओळ आली, इंग्रजी अक्षरांत कोंबलेल्या मराठीत.

‘खिडकीचा पडदा अर्धाच ओढलाय.’

मास्तरांनी चष्मा वर केला. त्या कारागिराने चाचणीसाठी काहीतरी भरलं असेल, हा पहिला विचार. पण वीज गेली की ही मेमरी दोन सेकंदांत सगळं विसरते. वीज चालू असतानासुद्धा यंत्राला ती सारखी परत परत वाचून उजळवावी लागते, नाहीतर तिथल्या तिथे पुसली जाते. आठ महिने खोक्यात पडलेल्या बोर्डात अक्षर राहणं शक्य नव्हतं. शिवाय तो कारागीर मराठी लिहिणारा नव्हता.

पुन्हा थोडा कचरा, आणि मग, ‘यांनी आज निळा सदरा घातलाय. वरचं बटण नाही. लावून द्यायला हवं होतं.’

त्या दिवशीचा सदरा निळाच होता. बटण अजून लागलेलं नव्हतं.

मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या जागी कुठल्याही जाणत्या कारागिराने केलं असतं. यंत्र चमत्कारिक वागलं तर बंद करा, थांबा, पुन्हा चालू करा. त्यांनी स्विच बंद केला, शंभर आकडे मोजले आणि चालू केला. प्रोग्रॅम पुन्हा टाइप करताना बोटं चुकत होती.

पडदा नि सदरा, दोन्ही ओळी गेल्या होत्या. बोर्डात आता दुसरंच होतं.

‘बारा वाजले. भात गिळवला नाही. यांना वाटलं, खाल्ला. ताटली पलंगाखाली सारलीय.’

मास्तर खुर्चीत मागे टेकले. ताटली खरंच पलंगाखाली सापडली होती, सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी. मुलीलासुद्धा त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं. पहिल्या वेळी बोर्डात तिच्या शेवटच्या दिवसाची सकाळ होती. आता दुपारचे बारा. तो दिवस बोर्डात एकेक तुकड्याने येत होता, आणि वीज बंद केली की तो तुकडा जात होता. तिची अख्खी सकाळ त्यांनी आपल्या हाताने, शंभर आकडे मोजून, पुसून टाकली होती. मास्तर लहान मुलासारखे मुसमुसले. मग डोळे पुसून त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि स्विचला हात लागू नये म्हणून त्यावर काडेपेटी उलटी ठेवून चिकटपट्टी मारली.

त्यांनी एकही ओळ सोडली नाही. कचऱ्यातून एकेक वेचून ते वाचत होते. छतावरच्या ओलीच्या डागाचा आकार. मुलीच्या फोनची वाट. उशीची शिवण गालाला टोचते. ‘दारातून यांची पाठ दिसते. टक्कल पडत चाललंय, सांगितलं तर पटायचं नाही.’ मास्तरांना हसू आलं, आणि त्या हसण्याचीच त्यांना भीती वाटली. खोलीत सोल्डरचा, राळेचा वास येत होता. त्यांनी अजून काहीच गरम केलं नव्हतं.

ओळी साडेतीनच्या पुढे गेल्या. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

‘हाक मारली. आलोच म्हणाले. एवढा एक टाका म्हणाले. म्हणजे वेळ लागणार. तोवर मनात नीट जुळवून ठेवते, नाहीतर ऐन वेळी भलतंच बोलायची. पहिलं म्हणजे’

पडदा थांबला. प्रोग्रॅम संपला होता. बत्तीस के संपले होते. त्या शब्दापुढे बोर्डात जागाच नव्हती.

मास्तर बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचार केला, आणि विचार नेहमीसारखाच सरळ रेषेत चालला. पुढचं हवं तर जागा हवी. यंत्र बंद केलं तर आहे तेही जाईल, आणि परत चालू केल्यावर बोर्डातल्या दिवसाचं घड्याळ चारच्या पुढे गेलेलं असेल. चारच्या पुढे ती नव्हतीच. तेव्हा जागा वाढवायची ती चालू यंत्रात.

असं कुणी करत नाही. उघड्या यंत्राला हात घालण्याआधी वीज तोडायची, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. पण जागा वाढवायची एक रीत मास्तरांना पाठ होती. जुन्या चिपांच्या पाठीवर नव्या चिपा चढवायच्या, पायावर पाय जुळवून प्रत्येकीला पंधरा टाके मारायचे, सोळावा पाय तेवढा वाकवून मोकळा ठेवायचा आणि बारीक तारेने वेगळ्या जागी न्यायचा. डब्यात तशा आठ चिपा होत्या. टाके मारायचं, भिंतीतल्या विजेवर चालणारं आयर्न लावलं असतं तर कणभर गळतीनेही सगळं उडालं असतं. म्हणून त्यांनी गॅसवर चालणारं छोटं आयर्न काढलं, पेटवलं, अंगातली वीज चिपांत उतरू नये म्हणून मनगटाला जमिनीची तार बांधली आणि श्वास रोखला.

साडेदहाला पहिला टाका पडला. पडदा थरारला, पण अक्षरं राहिली.

आयुष्यात एवढं नाजूक काम मास्तरांनी केलं नव्हतं. टोक जरा कलंडलं, दोन पाय एकमेकांना टेकले, की तिचा शेवटचा दिवस गेलाच. घाम चष्म्यावर पडत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मान अवघडली, पाय बधिर झाले. दर टाक्याला ते मान वर करून दोन शब्द जागेवर आहेत ना बघत, आणि पुन्हा खाली वाकत.

एकशेविसावा टाका पडला तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. शेवटची तार त्यांनी जोडली आणि आयर्न पेटतंच स्टँडवर ठेवलं.

प्रोग्रॅममधला एकच आकडा बदलायचा होता, वाचायला कुठून सुरुवात करायची तो. त्यांनी तो बदलला आणि बटण दाबलं.

कचरा. कचरा. पुष्कळ कचरा.

मग, ‘अजून येत नाहीत.’

‘टाक्याचा वास येतोय.’

‘पुन्हा हाक मारली. ऐकू गेली नाही वाटतं.’

मास्तरांना आठवत होती ती एकच हाक. दुसरी त्यांनी ऐकलीच नव्हती. आपण ऐकलंच नाही, हे त्यांच्या काळजात सुरीसारखं गेलं.

‘आता शेवटची मारते. या वेळी उठले तर बरं.’

मास्तर उठले.

त्यांनी एवढासुद्धा विचार केला नाही. खुर्ची मागे पडली, मनगटाची तार तटकन तुटली. ओळी वर सरकून गेल्या तरी बोर्डात आहेत, केव्हाही परत वाचता येतील, एवढं कुठेतरी डोक्यात होतं. पण हाक आल्यावर पुन्हा त्या टेबलाशी बसून राहणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

आतल्या खोलीत पलंगावर गादीची वळकटी होती. शेजारी खुर्ची. ते खुर्चीत बसले.

“आलो,” ते म्हणाले. “सांग.”

खोली शांत होती. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता.

“सांग ना. बसलोय मी.”

बाहेर कुलपात किल्ली फिरली. मुलीच्या चपला वाजल्या. “बाबा?” तिने हाक मारली. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. एक शब्द बोललो आणि नेमकं तेव्हाच ही बोलली तर, असं त्यांना वाटलं. ते वळकटीकडे बघत, कान देऊन बसून राहिले.

चपला कामाच्या खोलीत गेल्या. “अरे देवा!” एवढं ऐकू आलं. मग काहीतरी ओढल्याचा आवाज.

मास्तर ताडकन उठले, पण मुलगीच दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? उघड्या यंत्रात वीज खेळतेय, गॅस पेटलेला, आणि तुम्ही इथे बसलाय!”

“बंद केलंस?”

“स्विचवर चिकटपट्टी काय मारलीत! सरळ भिंतीतून उपटलं. लहानपणी मला बोट तरी लावू दिलं असतंत का असं?”

मास्तर म्हणाले, “पडद्यावर काय होतं?”

“काहीतरी सारखं वर जात होतं. पानंच्या पानं. मी कुठे वाचत बसू? शेवटची ओळ तेवढी दिसली.”

“काय?”

“‘एवढंच सांगायचं होतं.’” ती जरा घुटमळली. “मला वाटलं, तुम्ही आईला काही लिहीत बसता. म्हणून मग जास्त बघितलं नाही.”

मास्तर खाली बसले. त्या दुपारी बायको या खोलीत होती आणि ते त्या. आज ती त्या खोलीत बोलत होती, पहिलं, दुसरं, सगळं नीट जुळवून. आणि ते इथे येऊन बसले होते. त्यांना ओक्साबोक्शी रडू आलं. मुलीसमोर ते कधी रडले नव्हते, तिच्या आईच्या वेळीही नाही.

“मी जवळ नव्हतो,” ते म्हणाले. “त्या दिवशी. तिने बोलावलं, आणि मी गेलो नाही.”

मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गार पडला होता. मास्तरांना वाटलं, आपलं बोलणं ऐकून पडला असेल.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली. “यंत्राची वीज तोडली, की टीव्हीवर नुसते ठिपके यायला हवेत ना?”

“हो.”

“आले. पण त्याआधी, प्लग उपटल्यावर, अजून एक ओळ आली. सावकाश, एकेक अक्षर.”

“कसली?”

“‘दिवा कुणी मालवला?’”

ती दाराकडे पाठ करून, वडिलांना चिकटून उभी होती. प्लग अजून तिच्या मुठीतच होता, आणि त्याची वायर यंत्रातूनही निघून, जमिनीवरून लोळत तिच्यामागून आतपर्यंत आली होती.